वाफा भरायला माती किती लागेल? गोव्यातल्या नव्या परसबागवाल्यांसाठी हिशेब

परसबागेतला पहिला मोठा खर्च बियाण्यांचा नसतो, मातीचा असतो. आणि नेमका तोच सर्वांत अंदाजपंचे केला जातो. ‘एक पिकअप टाका’ असं फोनवर सांगायचं. गाडी दारात रिकामी झाली की एक तर वाफा अर्धाच भरतो, नाही तर उरलेला ढीग फाटकाशी पडून राहतो आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर गटारात जातो. गणित तसं पाचवीतलं आहे : लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. गुणाकार सहसा चुकत नाही. चुकतं ते तीन ठिकाणी. टेप कुठून कुठे धरला, विकणारा कोणत्या मापात बोलतोय आणि भरलेली माती खाली बसल्यावर किती उरते. हा लेख मुख्यतः या तीन गोष्टींबद्दल आहे.

माप एकच धरा

गोव्यात मापांची गंमत आहे. जमीन, फ्लॅट, सनद सगळं चौरस मीटरमध्ये. गुंठा इथे कोणी फारसा बोलत नाही. पण मेस्त्री फूट-इंचात काम करतो. माती-रेती विकणारा कधी ‘क्यूबिक’ म्हणजे घनमीटर सांगतो, कधी नुसतं ‘गाडी’ म्हणतो. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या माणसाशी बोललात तर तो ब्रासचा भाव देईल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. ब्रास आणि घनमीटर यांत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. त्यामुळे दोन विक्रेत्यांच्या भावांची तुलना करण्याआधी दोघांनाही ‘हा भाव किती घनफुटांचा?’ एवढं विचाराच. ‘गाडी’ हे माप मान्य करू नका. गाडीच्या हौद्याची लांबी-रुंदी विचारा.

मी या लेखात फूट आणि घनफूट धरतो, कारण घरातला टेप आणि मेस्त्री दोघांनाही ते सोयीचं. लक्षात ठेवायचे आकडे थोडेच :

१ घनफूट = सुमारे २८ लिटर
१ घनमीटर = १००० लिटर = सुमारे ३५ घनफूट
२० लिटरची रंगाची रिकामी बादली = सुमारे ०.७ घनफूट
५० किलो सिमेंटचं रिकामं पोतं = सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट

शेवटचे दोन आकडे फार कामाचे. बांधकाम संपलेल्या प्रत्येक घराच्या मागे अशी बादली आणि अशी पोती पडलेली असतातच. घमेल्याने मात्र मोजू नका. घमेली लहान-मोठी असतात आणि प्रत्येक जण ती वेगळ्या उंचीपर्यंत भरतो. घमेल्यानेच काम करायचं असेल तर आपलं घमेलं बादलीत किती वेळा रिकामं होतं ते एकदा बघून घ्या.

मीटरमध्ये विचार करणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती : एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर १० लिटर. म्हणजे ३ चौरस मीटरच्या वाफ्यात ३० सेंटिमीटर माती हवी असेल तर ३ × ३० × १० = ९०० लिटर. फुटांत तेच काम असं : लांबी फुटांत, रुंदी फुटांत, खोली इंचांत, तिघांचा गुणाकार करून १२ ने भागा. उत्तर घनफुटांत येतं.

टेप आतून धरा

चिऱ्यांच्या वाफ्यात हे सर्वांत महाग पडतं. मैदानी भागात विटा किंवा फळ्या लावून वाफा करतात, तिथे भिंतीची जाडी नगण्य असते. आपल्याकडे स्वस्त आणि टिकाऊ म्हणून जांभ्याचा चिरा लावतात, आणि चिऱ्याची जाडी चांगली सात-आठ इंच, कधी नऊ इंचही भरते. कसा लावला त्यावर आहे, म्हणून आपला चिरा मोजूनच घ्या.

समजा मेस्त्रीला सांगितलंत, आठ फूट बाय चार फूट वाफा बांध. त्याने बाहेरून आठ बाय चार बांधला. भिंत आठ इंचांची धरली तर दोन्ही बाजूंचे मिळून सोळा इंच, म्हणजे एक फूट चार इंच, लांबीतूनही जातात आणि रुंदीतूनही. आत उरतं ६ फूट ८ इंच बाय २ फूट ८ इंच. बाहेरचं क्षेत्रफळ ३२ चौरस फूट, आतलं जेमतेम १८. बाहेरच्या मापाने माती मागवलीत तर जवळजवळ दुप्पट येईल.

माझं मत विचाराल तर लहान अंगणात चिऱ्याचा वाफा करूच नये. अर्धी जागा दगडच खातो. चिरा लांबट, मोठ्या वाफ्यांना शोभतो. लहान जागेला सिमेंटचे पातळ पत्रे, जुनी कौलं उभी रोवून केलेली कड किंवा नुसता मातीचा गादीवाफा बरा.

बांधायच्या आधी सांगत असाल तर मेस्त्रीला ‘आतून’ हा शब्द दोनदा सांगा. आणि वाफा घराच्या भिंतीला टेकवून बांधू नका. पावसाळ्यात ओली माती चार महिने भिंतीला लागून राहिली की आत ओल येणारच.

खोली : किती खोल, आणि कुठपासून कुठपर्यंत

खोली ठरवताना दोन प्रश्न. काय लावणार, आणि वाफ्याखाली काय आहे?

तांबडी भाजी, मेथी, कोथिंबीर यांना सहा ते आठ इंच सुटी माती पुरते. मुळा, नवलकोल यांना नऊ-दहा इंच हवेत. मिरची, वांगी, भेंडी, वाल, टोमॅटो यांना एक फूट द्या. कणगी, सुरण यांसारख्या कंदांना दीड फूट दिला तर त्यांचं भागतं.

वाफ्याखाली चांगली जमीन असेल तर या आकड्यांत सूट मिळते, कारण मुळं खाली जातात. कुळागराजवळची (पोफळी-माडांच्या बागेजवळची) काळपट, पालापाचोळा मुरलेली जमीन किंवा सत्तरीतल्या ओढ्याकाठची माती असेल तर वर सहा इंचांची गादी पुरे. वाफ्याच्या तळाची जमीन टिकावाने मोकळी करा आणि वर भर घाला. पण घर सड्यावर म्हणजे कातळी पठारावर असेल, खाली कातळ असेल, किंवा बिल्डरने अंगणात मुरूम दाबून बसवला असेल, तर मुळांना खाली जागा नाही. तिथे वर सांगितलेली पूर्ण खोली वाफ्यातच भरावी लागते. एकाच गावात, दोनशे पावलांच्या अंतरावर, एकाला सहा इंच आणि दुसऱ्याला एक फूट लागतो तो यामुळे. शेजाऱ्याने किती माती आणली हे विचारून उपयोग नसतो.

तपासायचं असेल तर एक लोखंडी सळई घ्या आणि पाऊस पडून गेल्यावर जमिनीत दाबा. हाताच्या जोराने आठ-दहा इंच गेली तर जमीन कामाची. तीन इंचांवर ‘टण्ण’ आवाज आला तर हिशेब वरूनच करा.

आता वरची बाजू. वाफा काठोकाठ भरायचा नसतो. गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. काठाशी बरोबरीत भरलेली माती दोन सरींत काठावरून वाहून जाते. वरचे दोन-तीन इंच मोकळे सोडा. म्हणजे भिंत आतून १५ इंच असेल तर मातीची खोली १२ इंच धरा.

उतारावर वाफा असेल, आणि आपल्याकडे सपाट अंगण नशिबानेच मिळतं, तर एका टोकाला खोली नऊ इंच आणि दुसऱ्या टोकाला अठरा अशी स्थिती असते. दोन्ही काठांवर दोरी ताणून बांधा. ती पाण्याच्या लेव्हलने किंवा फोनमधल्या लेव्हलने सपाट करा. मग दोरीपासून जमिनीपर्यंत चार कोपऱ्यांत आणि मध्ये अशी पाच ठिकाणी खोली मोजा. पाचांची सरासरी, वजा वरचे तीन इंच. खोल टोकाचंच माप धरलं तर माती उरते, उथळ टोकाचं धरलं तर कमी पडते.

वाफा चौकोनी नसेल तर

एल आकाराचा वाफा दोन चौकोनांत तोडा. वेगळं काही करायची गरज नाही.

गोल वाफा असेल तर व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५ ने गुणा, मग खोलीने. पाच फूट व्यास आणि नऊ इंच खोली : २५ × ०.७८५ = १९.६, गुणिले ०.७५ फूट = सुमारे १५ घनफूट.

माडाच्या आळ्यात हे गणित थोडं फिरतं, कारण बुंध्याभोवती माती चढवायची नसते. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करा. बारा फूट व्यासाचं आळं, मध्ये चार फूट मोकळे : १४४ वजा १६ म्हणजे १२८, गुणिले ०.७८५ म्हणजे १०० चौरस फूट. एवढ्यावर नुसता तीन इंच थर द्यायचा तरी २५ घनफूट माती लागते, पाव ब्रास. माडांची बाग असलेला माणूस मातीऐवजी पालापाचोळा आणि सोडणं (नारळावरची काथ्याची सालं) वापरतो ते उगाच नाही.

बिनभिंतीचा गादीवाफा खाली रुंद आणि वर अरुंद असतो. खालचं क्षेत्रफळ आणि वरचं क्षेत्रफळ यांची सरासरी काढून उंचीने गुणा. आपल्या कामापुरतं तेवढं अचूक आहे.

कुंडी, जुनं टब, फुटका हंडा असं काही वेडंवाकडं असेल तर गणित करूच नका. भोकं बंद करा, मोजून पाणी ओता. जितके लिटर पाणी मावलं तितके लिटर माती.

एक पूर्ण उदाहरण

पर्वरीच्या सड्यावरचं एक घर धरू. खाली कातळ, त्यामुळे खालून मदत नाही. तीन वाफे करायचे आहेत.

पहिला चिऱ्यांचा, बाहेरून १० बाय ४ फूट, भिंत ८ इंच. आतून ८ फूट ८ इंच बाय २ फूट ८ इंच, म्हणजे सुमारे २३ चौरस फूट. मिरची-वांग्यांसाठी खोली एक फूट. २३ घनफूट.

दुसरा भाज्यांचा गादीवाफा. खाली १२ बाय ४ (४८ चौरस फूट), वर ११ बाय ३ (३३ चौरस फूट). सरासरी साडेचाळीस. उंची नऊ इंच. ४०.५ × ०.७५ = ३० घनफूट.

तिसरा गोल, वर काढलेला. १५ घनफूट.

बेरीज ६८ घनफूट. पण ६८ मागवायची नाही.

सुटी माती ही निम्मी हवा असते. खणलेली, चाळलेली, गाडीतून ओतलेली माती फुगलेली असते. पाणी पडलं की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि वाफा खाली बसतो. शिवाय माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकत्र कालवलं की बारीक कण जाड कणांच्या मधल्या जागेत शिरतात, त्यामुळे तिघांची बेरीज आणि कालवलेला ढीग सारखे भरत नाहीत. तांदळाच्या डब्यात रवा ओतून हलवलात तर जे होतं तेच. त्यात शेणखत आणि पाला कुजून वर्षभरात आणखी कमी होतात.

या सगळ्यासाठी मिळून पाव हिस्सा जास्त धरा. ६८ × १.२५ = ८५ घनफूट. नुसती माती भरणार असाल, खत फार नसेल, तर १५ टक्के पुरेत. निम्म्याहून जास्त भर सेंद्रिय असेल तर पाव हिस्साही कमी पडेल, ३० टक्के धरा.

त्या ८५ घनफुटांत काय काय

गोव्याची लाल जांभी माती लोहाने भरलेली, आम्लधर्मी आणि सेंद्रिय अंशाने बहुधा गरीब असते. ओली असताना चिकटते, उन्हात कडक होते. एकटी वाफ्यात भरली की पहिल्या पावसाने तिचा वर थापा बसतो. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पाला, हे प्रमाण नवख्याने डोळे मिटून घ्यावं. नंतर आपापल्या अनुभवाने बदलता येतं.

उदाहरणापुरतं : ४३ घनफूट माती, २१ घनफूट शेणखत, २१ घनफूट कोकोपीट. २१ घनफूट म्हणजे सुमारे ६०० लिटर. शेणखत सिमेंटच्या पोत्यांत येणार असेल तर सतरा पोती. कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात फुलून ७० ते ७५ लिटर होते, म्हणजे आठ-नऊ विटा. कोकोपीटच्या हिशेबात फुगलेलं माप धरायचं. विटेचा आकार बघून घाबरू नका आणि भुलूही नका. काथ्यात कधी मीठ असतं, म्हणून एकदा भिजवून ते पाणी काढून टाका.

ज्यांच्या दारात माड आहेत त्यांनी कोकोपीट विकत का आणावं, हा प्रश्न रास्त आहे. सव्वा-दीड फुटापेक्षा खोल वाफा असेल तर तळाला नारळाची सोडणं लावा, खोलगट बाजू वर करून, म्हणजे त्यांत पाणी धरून राहतं. त्यांच्या फटींत केळीच्या गाभ्याचे तुकडे, फणसाची-काजूची सुकी पानं दाबा. तळाचे सहा-आठ इंच असे भरले की तेवढी माती वाचते. पण हिशेबात सोडणांचा थर अर्धाच धरा आणि सुक्या पानांचा तिसरा हिस्सा, कारण वर माती पडल्यावर ते इतके दबतात. जाड लाकडाचे ओंडके मात्र नकोत. वाळवीला आमंत्रण, आणि वाफा घराजवळ असेल तर तिथून ती चौकटीपर्यंत पोचते. एक फुटाच्या उथळ वाफ्यात हा प्रकार करू नका. मुळांना मातीच उरत नाही.

समुद्रावरची रेती वाफ्यात कधीही नाही, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली, मातीही नको, तीही खारट. आणि डिचोली-सांग्याकडे खाणीच्या डंपवरची माती कोणी स्वस्तात देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. तिच्यात झाडाला खायला काही नसतं.

मागवताना

आधी नमुना मागा. आपल्याकडे ‘माती’ म्हणून जे येतं ते पुष्कळदा कोणाच्या तरी पायाच्या किंवा विहिरीच्या खोदाईतला मुरूम असतो. एक बादली घ्या, वाळवा, अर्ध्या इंचाच्या जाळीतून चाळा. चाळून बादलीचा किती भाग उरला ते बघा. पाचवा हिस्सा खडे निघाले तर कामाची माती ८० टक्के. मग ४३ घनफूट मिळवायला ४३ भागिले ०.८, म्हणजे ५४ घनफूट मागवावी लागेल. निम्मे खडे निघाले तर ती माती घेऊच नका, कितीही स्वस्त असो. चाळलेले खडे फेकू नका. वाफ्यांमधल्या वाटेवर पसरा, पावसात पाय रुतत नाहीत.

माती कुठून येते तेही विचारा. शेतं भरणं आणि डोंगर कापणं यांवर गोव्यात नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली परवानगीचं बंधन आहे. परवानगीशिवाय कापलेल्या डोंगराची माती आपल्या वाफ्यात यायला नको, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता गाड्या. ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेंपोचा हौदा सुमारे सात फूट बाय पाच फूट आणि फळी एक फूट उंच. काठोकाठ ३५ घनफूट मावते. पण त्याची भार वाहायची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, आणि एक घनफूट सुकी माती साधारण ३५ ते ४० किलोची. म्हणजे मातीच्या बाबतीत तो २० घनफुटांतच भरला. आपल्या ५४ घनफुटांना तीन फेऱ्या. शेणखत-कोकोपीट हलकं, त्यासाठी मात्र हौदा काठोकाठ भरून चालतो. टिपर मागवणार असाल तर तुमच्या वाड्यातली वाट, वळण आणि वरून गेलेल्या वीजतारा आधी बघा. टिपर रस्त्यावरच रिकामा झाला तर माती आत न्यायची मजुरी मातीच्या भावाला टेकते.

वजनावर माती घेऊ नका. पावसात भिजलेल्या एका घनफुटाचं वजन ४५-५० किलोपर्यंत जातं, म्हणजे वजनाने घेतलीत तर पाण्याचे पैसे द्याल. आकारमानाने घेतलीत तर हा प्रश्नच येत नाही.

मोजायचं रिकामं होण्याआधी. हौद्याची आतली लांबी-रुंदी आणि मातीची पाच ठिकाणची उंची, सरासरी, गुणाकार. चालक घाईत असतो, तुम्ही घाई करू नका. ओतल्यानंतरच लक्षात आलं तर ढिगावरूनही अंदाज लागतो. ढिगाच्या पायथ्याचा परीघ टेपने मोजा आणि ६.२८ ने भागा, ती त्रिज्या. त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची गुणिले १.०५. परीघ २८ फूट असेल तर त्रिज्या साधारण ४.४६. तिचा वर्ग २०, उंची अडीच फूट. २० × २.५ × १.०५ = सुमारे ५२ घनफूट. आपल्या ५४ शी जुळलं. ढीग कधी नेमका शंकू नसतो, म्हणून पाच-दहा टक्क्यांवरून भांडण काढू नका. चौथा हिस्साच कमी दिसला तर मात्र बोला.

गच्चीवर असाल तर आधी वजन

पणजी, मडगाव, वास्कोतल्या फ्लॅटवाल्यांनी हिशेब उलट्या बाजूने सुरू करावा. माती किती मावेल, याआधी गच्ची किती पेलेल. आयएस ८७५ या भारतीय मानकात ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटनचा भार धरतात, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो. चौरस फुटाला चौदा किलो. आणि एक फूट खोल ओल्या मातीचा वाफा चौरस फुटाला ४५-५० किलो टाकतो. कोकोपीट घालून मिश्रण हलकं केलं तरी ओलं झाल्यावर ते ३०-३५ किलोंच्या खाली येत नाही.

म्हणून गच्चीभर सलग वाफा नाही. इंजिनिअरला विचारल्याशिवाय तर नाहीच. वाफे किंवा पिशव्या तुळयांच्या आणि भिंतींच्या वरच्या ओळीत ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडा, आणि सहा-आठ इंच खोलीत येणाऱ्या पालेभाज्यांवर समाधान माना. बारा इंच व्यासाच्या आणि बारा इंच उंच पिशवीत वरचे दोन इंच सोडून सुमारे १८ लिटर भर लागते. दहा पिशव्यांना १८० लिटर, वर पाव हिस्सा म्हणजे २२५. एवढ्यासाठी टेंपो नको, लिफ्टमधून पोती नेता येतात.

केव्हा भरायचं

माती आणायची ती एप्रिल-मेमध्ये. तेव्हा ती सुकी असते, हलकी असते, चाळता येते आणि गाडी चिखलात रुतत नाही. पण सगळी एकदम भरू नका. ८५ पैकी ७० घनफूट मेमध्ये भरा. उरलेली १५ पोत्यांत घालून छपराखाली ठेवा. चार महिन्यांचा पाऊस वाफा फुकटात बसवून देतो, कोणत्याही धुमसाने तसं होणार नाही. त्या काळात वाफा उघडा मात्र ठेवायचा नाही. झावळ्या अंथरा किंवा चवळी पेरा. माटोळीला (चवथीत गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला) घरची भेंडी, दोडकी, काकडी हवी असेल तर जूनच्या सुरुवातीलाच वाफ्यात बी टाका, फक्त वाफ्याच्या तळाला पाणी निघून जायला वाट ठेवा. काणकोणातल्या खोला गावची मिरची पावसात डोंगरउतारावर येते ती पाणी साचत नाही म्हणून.

चवथ झाली, पाऊस ओसरू लागला की वाफा किती खाली बसला ते मोजा. उरलेली पोती तेव्हा ओता. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वाल यांचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो. माती तपासायची असेल तर तीही याच सुमाराला. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. चुना किती घालायचा ते अंदाजाने ठरवू नका. आम्लता किती आहे हे कळल्याशिवाय चुना घालणं म्हणजे निव्वळ जुगार.

दुसऱ्या वर्षापासून नवी माती लागत नाही, खत लागतं. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दीड इंच. आपल्या तिन्ही वाफ्यांचं वरचं क्षेत्रफळ २३ + ३३ + २० = ७६ चौरस फूट. गुणिले दीड, भागिले १२ = साडेनऊ घनफूट. सिमेंटची आठ पोती शेणखत. गोठेवाल्याला चवथीच्या आधीच सांगून ठेवा, नंतर सगळ्यांनाच हवं असतं.